ठाण्यातल्या फ्लॅटमध्ये हेडफोन लावून, स्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकास्टर, सहा तारांची इलेक्ट्रिक गिटार) आणि मल्टी-इफेक्टवर (अनेक इफेक्ट असलेली एक पेटी) साठच्या दशकातला बारा-तारी गिटारचा छनछनाट कसा काढावा?

कॉम्प्रेसरशिवाय (मोठा आवाज दाबून लहान-मोठ्यातला फरक कमी करणारा इफेक्ट) तो येतच नाही. 1965 मध्ये 'द बर्ड्स' बँडच्या रॉजर मॅकग्विनच्या बारा-तारी रिकनबॅकर गिटारला स्टुडिओत भरपूर कॉम्प्रेशन दिलेलं होतं. नोट लांबते ती त्यानेच. म्हणून इफेक्टच्या साखळीत कॉम्प्रेसर पहिला: रेशो (आवाज किती दाबायचा) 4:1 ते 6:1, अटॅक (दाबायला किती वेळाने लागायचं) 20–30 मिलिसेकंद. अटॅक याहून खूप जलद ठेवला की पिकचा 'टक्' मरतो आणि सगळं मऊ पडतं. गिटारचे ब्रिज आणि मिडल पिकअप (तारांचा आवाज टिपणारी चुंबकं) एकत्र. मग पॉलिफोनिक ऑक्टेव्ह-अप (अनेक सुरांना एकदम वरच्या सप्तकाची जोड देणारा इफेक्ट), मिक्स 25 टक्के. एका वेळी एकच सूर ओळखणारा मोनो ऑक्टेव्हर कॉर्डवर गडबडतो. पुढे व्हॉक्स एसी30 धर्तीचा अँप, गेन कमी, बेस निम्म्याखाली. कॅब सिम्युलेशन (अँपच्या स्पीकर-पेटीची नक्कल) चालूच हवं, नाहीतर हेडफोनमध्ये नुसती माशी घोंघावते. एवढं करूनही आवाज मंदच वाटला तर तारा बघा: इथल्या पावसाळी दमटपणात त्या लवकर गंजतात, चमक आधी जाते. कोटेड (संरक्षक थर दिलेल्या) 10-46 जाडीच्या तारा बसवा.