वाचकांचे प्रश्न : आईची, आजीची आठवण लिहिताना

प्रश्न : माझ्या आईला प्रभूने नुकतेच बोलावून घेतले. स्मरणाच्या उपासनेत तिच्या जीवनाविषयी वाचून दाखवण्याचे काम थोरला मुलगा म्हणून माझ्याकडे आले आहे. लिहायला बसलो की ‘प्रेमळ पत्नी, त्यागी माता, लाडकी आजी, देवभीरू स्त्री’ एवढेच कागदावर उतरते आणि त्यात माझी आई कुठेच दिसत नाही. काय करावे?

उत्तर : आपल्या दुःखात आम्ही मनापासून सहभागी आहोत. आपण लिहिलेली चारही विशेषणे खरी असतील, तरीही आपली खंत रास्त आहे. कारण ती कोणत्याही चांगल्या स्त्रीला लावता येतात आणि आपल्याला तर एकाच स्त्रीविषयी सांगायचे आहे.

बायबलमधील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या 9व्या अध्यायात टबीथाच्या मृत्यूचा प्रसंग आहे. तिला दुर्कस असेही म्हणत. यापो येथे ती आजारी पडून मरण पावली, तेव्हा जवळच्याच लोद गावी असलेल्या पेत्राला, येशूच्या शिष्याला, बोलावणे गेले. तो माडीवर आला तेव्हा विधवा रडत त्याच्याभोवती उभ्या राहिल्या आणि दुर्कस त्यांच्याबरोबर असताना तिने शिवलेले अंगरखे आणि वस्त्रे त्याला दाखवू लागल्या. ती सत्कृत्ये आणि दानधर्म करण्यात तत्पर होती, असे लेखकाने आरंभी एका वाक्यात सांगितले आहे खरे, पण विधवांच्या तोंडी त्याने एकही शब्द घातलेला नाही. त्या फक्त कपडे दाखवतात, आणि ती बाई कोण होती हे वाचणाऱ्याला तेवढ्याने कळते.

आपल्या आईचे असे अंगरखे कोणते, याचा शोध घ्या. ती रोज कोणाकोणाची नावे घेऊन प्रार्थना करत असे? कोणाच्या आजारपणात, न बोलावता, ती जाऊन बसली? पैशांची ओढाताण असताना दानाचा वाटा तिने कसा बाजूला काढला? भक्ती डोळ्यांना दिसत नाही; ती अशा कामांतूनच दिसते. म्हणून ‘ती फार प्रार्थनाशील होती’ असे लिहिण्याऐवजी ती कोणत्या वेळी, कोठे बसून आणि कोणासाठी प्रार्थना करत असे, ते लिहा.

हे सारे आपल्या एकट्याच्या आठवणीत सापडणार नाही, कारण मुलाला आई दिसते, पण पत्नी दिसत नाही, आणि नातवंडांनी पाहिलेली आजी तर आपल्याला पुष्कळदा अनोळखी वाटेल इतकी निराळी असते. सर्वांत आधी वडिलांजवळ बसा. ‘आई कशी होती?’ असे त्यांना विचारू नका. एवढ्या मोठ्या प्रश्नाचे उत्तर शोकात असलेल्या माणसाला देता येत नाही. लग्नानंतरच्या पहिल्या घरात ती काय करत असे, कशावरून रागवत असे, तुम्ही दोघे मिळून प्रार्थना करत होता का, असे लहान लहान प्रश्न विचारा आणि ते बोलू लागले की मध्ये बोलू नका.

अशा प्रसंगी बायबलमधील नीतिसूत्रे या पुस्तकाच्या 31व्या अध्यायातील 10 ते 31 ही वचने वाचण्याची प्रथा आहे. मूळ हिब्रू भाषेत वर्णमालेच्या 22 अक्षरांवर क्रमाने रचलेले ते 22 वचनांचे काव्य आहे. त्यातली स्त्री लोकर आणि ताग मिळवते, रात्र सरण्यापूर्वी उठते, शेत पारखून विकत घेते, दीनदुबळ्यांना हात देते. परमेश्वराच्या भयाचा उल्लेख येतो तो अगदी शेवटी, 30व्या वचनात. ते काव्य जरूर वाचावे, परंतु ते त्या स्त्रीच्या कामांचे वर्णन आहे, आपल्या आईच्या कामांचे नाही. ते आपल्यालाच लिहावे लागेल. आपले वाचन पाच-सहा मिनिटांचे असू द्या. तेवढ्यात तीन प्रसंग नीट सांगून होतात.

प्रश्न : आमची आजी अतिशय श्रद्धाळू होती, पण स्वभावाने कडक आणि हट्टी होती. एका काकांशी तिने अनेक वर्षे अबोला धरला होता. घरचे म्हणतात, यातले काहीच बोलू नकोस. दोष सांगणे म्हणजे तिचा अपमान आहे का?

उत्तर : अपमान नाही, फक्त कोणता दोष सांगायचा, याचा विवेक हवा. प्राचीन काळचे ख्रिस्ती धर्मगुरू आणि लेखक संत ऑगस्टीन यांची आई मोनिका 387 साली रोमजवळच्या ऑस्टिया येथे, वयाच्या 56व्या वर्षी मरण पावली. तिच्यासारख्या भक्त आईचे ऋण मानणारा मुलगा विरळाच. तरी पुढे दहाएक वर्षांनी तिच्याविषयी लिहिताना, लहानपणी तिला चोरून द्राक्षारस पिण्याची सवय लागली होती आणि दासीने भांडणात त्यावरून टोमणा मारल्यावर ती सुटली, हे त्यांनी लपवले नाही. पती रागीट होता, सासू आरंभी तिच्याविरुद्ध होती, हेही त्यांनी लिहिले आहे. त्यामुळे मोनिकेचा धीर म्हणजे नेमके काय होते, हे आपल्याला समजते. अडचणी गाळल्या असत्या तर तो धीर नुसता शब्द राहिला असता.

आजीचा कडकपणा आणि त्याच्याशी तिने स्वतः दिलेला लढा यांविषयी अवश्य बोला. विशेषतः तिने कधी कोणाची क्षमा मागितली असेल, तर तो प्रसंग सांगाच. अबोल्याची गोष्ट मात्र निम्मी काकांची आहे. त्यांना एकांतात विचारा आणि ते नको म्हणाले तर ती सभेत काढू नका.

प्रश्न : आजीच्या बायबलमध्ये खुणा, तारखा आणि चिठ्ठ्या आहेत. आम्हा चारही नातवंडांना ते हवे आहे, आणि सर्वांत धाकटीला तर आजी आठवणारही नाही.

उत्तर : प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या, बायबलमधील दुसऱ्या पत्राच्या पहिल्या अध्यायात, त्याचा विश्वास आधी त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्या ठायी होता, असे म्हटले आहे. लोईसविषयी पवित्र शास्त्रात याहून अधिक एक ओळही नाही. नाव राहिले, पण ती नातवाला काय सांगत असे, ते राहिले नाही. आपल्याजवळ आजीच्या हातची अक्षरे आहेत, ती जपा.

प्रत्येक पानाचे आणि प्रत्येक चिठ्ठीचे, ती आहे त्याच जागी ठेवून, छायाचित्र काढा, म्हणजे चौघांनाही प्रत मिळेल. वर्तमानपत्राची कात्रणे असतील तर त्यांनी पानांवर डाग पडतात. ती पान क्रमांक लिहून वेगळ्या पाकिटात ठेवा. फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नका आणि बायबल प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करू नका, कारण आत दमटपणा धरतो. समासातल्या ज्या तारखांचा अर्थ लागत नाही, त्यांची यादी करून ती या आठवड्यातच घरातल्या वडीलधाऱ्यांना दाखवा आणि ते जे सांगतील ते धाकटीसाठी लिहून ठेवा.