पहिले बीजगोळे: एवढंच सांभाळा

पहिल्यांदाच बीजगोळे, म्हणजे माती-खतात बी मिसळून वळलेले गोळे, कसे करायचे असं विचारलंत. मे अर्धा उलटलाय, म्हणजे अगदी वेळेवर. मुंबईत पाऊस साधारण १० जूनच्या आसपास येतो. त्याआधी गोळे वळून, सुकून तयार हवेत.

चाळलेली लाल माती पाच वाट्या, गांडूळखत तीन, बी एक. काळी माती नको, सुकताना तडकते. पाणी ओतायचं नाही, शिंपडायचं. नवखे इथेच फसतात. चिखल झाला की गोळा वळतच नाही. मूठ दाबून उघडली की माती एकसंध राहावी आणि तळव्याला चिकटू नये. मग गोटीएवढे वळा. लाडू नकोत.

सुकवायचे सावलीत, वर्तमानपत्रावर, दोन-तीन दिवस. आमच्या गॅलरीत पहिल्या वर्षी मी घाई करून ओलसर गोळेच बिस्किटांच्या डब्यात भरले. आठवड्याने झाकण उघडलं तर बुरशीचा वास आणि आत मेथी उगवलेली! तेव्हापासून पुठ्ठ्याचं उघडं खोकं.

बियांचं म्हणाल तर पहिल्यांदा तेरडा, झेंडू, माठ, मेथी बस्स. बहाव्याचं बी कडक असतं, त्याला वेगळी तयारी लागते. ते पुढच्या वर्षी. सुबाभूळ मात्र कधीच नको, कुणी फुकट दिली तरी. भराभर पसरते, बाकीच्यांना जागाच ठेवत नाही.

पहिल्या सरीला भुलू नका. दोन-तीन दिवस सलग पडला की सोसायटीच्या कुंपणालगत मोकळ्या मातीवर टाका, पुरू नका. सगळे उगवणार नाहीत, म्हणून थोडे जास्तच वळा.