रस्ता सुरक्षा धोरणावरील अर्थसाहाय्यित पीएचडी: पैसे पुरतील, विषय मात्र बदला

आपण तासगावच्या आहात, सांगलीतून वाहतूक अभियांत्रिकीत एम.टेक. केले आहे आणि ब्रिटनमधील एका विद्यापीठाची रस्ता सुरक्षा धोरणावरील ‘पूर्ण अर्थसाहाय्यित’ पीएचडीची जाहिरात आपल्या पाहण्यात आली आहे. मुदत दीड महिन्याची आहे. मिळणारे पैसे पुरतील का आणि ‘भारतातील रस्ते अपघात: कारणे व उपाय’ हा विषय चालेल का, असे आपले दोन प्रश्न आहेत. मी साताऱ्यात राहतो, माझी पीएचडी याच क्षेत्रातली आहे आणि अधूनमधून उमेदवारांचे प्रस्तावही माझ्याकडे वाचायला येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पैशांचे आधी उरकून घेऊ. ब्रिटनमधील सरकारी संशोधन परिषदांनी २०२५-२६ साठी ठरवलेले किमान विद्यावेतन वर्षाला २०,७८० पौंड होते आणि त्यावर सहसा प्राप्तिकर लागत नाही. एकट्या व्यक्तीचे त्यात काटकसरीने भागते, शहर मात्र लंडन नसावे. खरी मेख ‘पूर्ण’ या शब्दात आहे. तेथील विद्यार्थ्यांचे शुल्क आणि परदेशी विद्यार्थ्यांचे शुल्क यांत मोठी तफावत असते आणि काही जाहिरातींमधले अर्थसाहाय्य फक्त तेथील शुल्कापुरते असते. ही तफावत कोण भरणार, हे विद्यापीठाकडून लेखी घ्या. शिवाय व्हिसासोबत भरावयाचा आरोग्य अधिभार विद्यार्थ्यांना दर वर्षी ७७६ पौंड पडतो आणि तो सर्व वर्षांचा एकदम भरावा लागतो. विद्यावेतनाचा पहिला हप्ता हातात पडण्याआधीचा हा खर्च आहे, त्यामुळे त्याची तजवीज घरून करावी लागेल. हे जमण्यासारखे नसेल तर आयआयटीतील पीएचडीला गेटच्या आधारे पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात, आणि दिल्ली आयआयटीत तर या विषयाचे स्वतंत्र केंद्रच आहे. सारथी, बार्टी आणि महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आपापल्या प्रवर्गानुसार आहेतच. एवढे पुरे.

आता विषयाकडे वळतो. आपला विषय चालणार नाही, हे स्पष्टच सांगतो. तो मोठा आहे हे एक झाले, पण त्याहून मोठी अडचण अशी की ‘कारणे’ म्हणून आपण जी आकडेवारी मांडणार आहात, ती मुळात कारणे सांगतच नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसे रस्ते अपघातांत गेली आणि त्यांपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर मांडलेले आहेत. हा आकडा शेवटी कुठून येतो? पोलीस ठाण्यातल्या नोंदीतून. आणि आपल्याकडच्या फिर्यादीत ‘भरधाव वेगात, हयगयीने, अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून’ ही ओळ जवळपास साच्यातून काढल्यासारखी येते, कारण गुन्ह्याचे कलम त्यावरच उभे असते. पूर्वी ते भारतीय दंड संहितेचे ३०४-अ होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे १०६ आहे. कलमाला निष्काळजी माणूस लागतो. चुकीच्या उताराचे वळण किंवा न लागणारा पथदिवा त्याला चालत नाही.

माझ्या क्षेत्रकार्यातले एक प्रकरण सांगतो, म्हणजे मला काय म्हणायचे आहे ते लक्षात येईल. गाळप हंगामातली रात्र होती. उसाने भरलेली डबल ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्यावरच उभी होती, चाकांना दगड लावलेले होते आणि इशारा म्हणून मागे बाभळीची एक फांदी टाकलेली होती. मागून आलेला दुचाकीस्वार थेट ट्रॉलीवर आदळला आणि जागीच गेला. मी कागद पाहिले तेव्हा आरोपी म्हणून त्या मयत मुलाचेच नाव होते आणि आरोपीच हयात नसल्याने अबेट समरी, म्हणजे प्रकरण बंद करण्याचा अहवाल, पाठवून प्रकरण मिटलेले होते. पंचनाम्यात रस्त्याची रुंदी होती, काचांचे तुकडे किती फुटांवर पडले तेही होते. पण ट्रॉलीच्या मागे रिफ्लेक्टर होता की नाही, याबद्दल एक अक्षर नव्हते. नोंद लिहिणाऱ्या हवालदाराला दोष देण्यात अर्थ नाही, छापील नमुन्यात त्याला जे विचारलेले असते ते तो भरतो. वरच्या आकडेवारीत मात्र हा मृत्यू ‘वेग’ म्हणून गेला.

धोरणाचा प्रश्न नेमका इथे सुरू होतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८-अ आले. रस्त्याची रचना, बांधकाम वा देखभाल ठरलेल्या मानकांनुसार न केल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर संबंधित यंत्रणा, ठेकेदार वा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. परंतु पहिल्याच कागदावर दोष चालकाचा असे लिहिले गेले, तर हे कलम लावायला कुणाला सुचणार? आपण प्रस्तावात एवढाच प्रश्न घ्या: अपघाताची पहिली नोंद ज्या पद्धतीने होते, तिचा रस्त्याच्या आणि उभ्या वाहनाच्या जबाबदारीवर काय परिणाम होतो? दोनच जिल्हे घ्या, सातारा आणि सांगली. एका बाजूला खंबाटकीपासून कराडच्या पुढे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८, दुसऱ्या बाजूला ऊसपट्ट्यातले राज्यमार्ग आणि गावरस्ते. तुलना आपोआप उभी राहते, आणि हा भाग आपल्या पायाखालचा आहे, ही गोष्ट परीक्षकाच्या नजरेतून सुटत नाही.

दीड महिन्यात एवढे होईल का, असे आपण विचाराल. प्राथमिक पाहणीपुरते नक्की होईल. बहुतेक प्रथम माहिती अहवाल महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर ठाण्यानुसार आणि तारखेनुसार पाहायला मिळतात. तासगाव आणि कराड या दोन ठाण्यांचे मागच्या हंगामातले प्राणांतिक अपघात तेवढे काढा आणि वाहन, प्रकाश, रस्ता यांपैकी कशाचा उल्लेख आहे, कशाचा नाही, याचा साधा तक्ता करा. पंचनामे असे मिळत नाहीत आणि माहिती अधिकारात विचारले तर ३० दिवस जातील, तेही नकार आला नाही तर. त्यामुळे ते प्रस्तावात पुढचे काम म्हणून लिहा. हा एक पानाचा तक्ता अर्ज भरण्याआधीच संभाव्य मार्गदर्शकांना ई-मेलने पाठवा. मी पाहिलेल्या चांगल्या प्रस्तावांत असे स्वतः गोळा केलेले काहीतरी असायचे. नुसत्या वाचनावर उभे राहिलेले प्रस्ताव दुसऱ्या पानावर कंटाळवाणे होतात.

आणि शिफारसपत्रासाठी आपल्या एम.टेक.च्या सरांना आजच फोन करा. विद्यापीठाकडून त्यांना थेट दुवा येतो आणि तो पुष्कळदा स्पॅममध्ये जाऊन पडतो; माझ्या वेळी एक पत्र याच कारणाने मुदतीच्या आदल्या रात्री पोहोचले होते.