मूलपेशी (जिच्यापासून वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी बनू शकतात ती) मऊ पृष्ठभागावर वाढवली की कडक, यावर ती पुढे काय होणार हे खरंच ठरतं का?

हो, बऱ्याच अंशी ठरतं. २००६ साली एंग्लर, डिशर आणि त्यांच्या सहकारी शास्त्रज्ञांनी अस्थिमज्जेतल्या मूलपेशी पॉलिअ‍ॅक्रिलामाइडच्या जेलवर वाढवल्या. वरचा कोलॅजन या प्रथिनाचा थर सारखाच, खालच्या जेलचा कडकपणा तेवढा वेगळा. मेंदूइतक्या मऊ, म्हणजे ०.१ ते १ किलोपास्कलच्या (किलोपास्कल हे इथे कडकपणा मोजायचं एकक) जेलवर पेशींना चेतापेशींसारख्या फांद्या फुटल्या. ८ ते १७ वर त्या स्नायूपेशींसारख्या लांबुळक्या झाल्या. २५ ते ४० वर हाडाच्या पेशींची लक्षणं दिसू लागली. आणि पोषक द्रव तर सगळीकडे तोच!

पेशीला हे कळतं कसं? ती खालचा पृष्ठभाग सतत ओढून बघते. इंटेग्रिन या प्रथिनांनी पकड घ्यायची आणि आतले अ‍ॅक्टिन-मायोसिनचे धागे आवळायचे. पृष्ठभाग दाद देत नसेल तर धाग्यांत ताण चढतो, पेशी पसरते आणि याप व टाझ ही प्रथिनं केंद्रकात शिरून जनुकांची कामं बदलतात. ब्लेबिस्टॅटिन देऊन मायोसिन बंद पाडलं की पेशीला मऊ-कडक यातला फरकच कळेनासा होतो. मला हा पुरावा सगळ्यात भक्कम वाटतो.

अर्थात कडकपणा एकटाच सगळं ठरवत नाही. वाढीचे घटक (पेशीला वाढीचे संकेत देणारे पदार्थ) आणि पेशीला मिळालेला आकारही तितकेच महत्त्वाचे. पण एक गोष्ट जरूर लक्षात ठेवा: प्रयोगशाळेतली नेहमीची प्लास्टिकची बशी गिगापास्कलच्या (एक गिगापास्कल म्हणजे दहा लाख किलोपास्कल) घरात असते, म्हणजे कुठल्याही मऊ ऊतीपेक्षा हजारो पटींनी कडक. तिच्यावर फार दिवस वाढलेल्या पेशी नंतर मऊ जेलवर ठेवल्या, तरी त्या कडकपणाची आठवण काही काळ धरून ठेवतात.