‘चिल’, ‘ड्यूड’, ‘नो वे’ हे ग्रीकमध्ये कसं म्हणायचं?

तुम्ही लिहिलंय की ग्रीक मित्रांशी चॅट करताना इंग्रजी स्लँग भाषांतर-यंत्रात टाकता, येईल ते चिकटवता, आणि समोरचे हसतात. हसणारच. ‘आय ॲम डाउन’चं शब्दशः ग्रीक होतं ‘ईमे कातो’, म्हणजे ‘मी खाली आहे’. बिल्डिंगच्या दारात उभं राहून वरच्याला पाठवायचा मेसेज आहे तो! ‘चला, मी येतो’ या अर्थी ग्रीक माणूस ‘ईमे मेसा’ म्हणतो, म्हणजे ‘मी आत आहे’. घाईत असला तर नुसतं ‘मेसा!’

इंग्रजीवरून थेट ग्रीकमध्ये जाऊ नका. तेच मराठीत कसं म्हणाल ते आधी बघा, बऱ्याचदा निम्मं काम तिथेच होतं. हसू आवरत नाही तेव्हा इंग्रजीत ‘आय ॲम डेड’ असतं, आपण ‘मेलो’ म्हणतो. ग्रीकही भूतकाळातच ‘पेथाना’ म्हणतं (मेलो आणि मेले दोन्हींना तेच रूप). ‘यू गाइज’ला ‘रे पेद्या’. पेद्या म्हणजे मुलं, पण चाळिशीच्या टोळक्यालाही चालतं, आपल्या ‘पोरांनो’सारखं.

आणि हा ‘रे’ ऐकायला अगदी आपलाच वाटतो. नातं काही नाही, ग्रीक ‘रे’ हा ‘मोरोस’ म्हणजे मूर्ख या जुन्या शब्दाच्या संबोधनातून झिजत आलाय. काम मात्र जवळजवळ तेच: सलगी, वैताग, आश्चर्य. फरक दोन. एक, त्यांच्याकडे ‘गं’ नाही, मैत्रिणीलाही ‘रे’च. दोन, संबोधनाच्या शब्दाच्या तो आधी येतो: ‘रे फीले’. तुमचा ‘ड्यूड’ तो हाच. मित्र म्हणजे ‘फीलोस’, पण हाक मारताना ‘फीले’, जसं आपलं मित्र आणि मित्रा. यंत्रातून बऱ्याचदा ‘फीलोस’च येतं आणि परकेपणा लगेच कळतो. नावांचंही तसंच: नीकोसला ‘नीको’ अशी हाक, आलेक्झांद्रोसला ‘आलेक्झांद्रे’. ज्यांना ‘एसीस’ म्हणजे तुम्ही म्हणता त्यांना ‘रे’ लावू नका. सासऱ्यांना ‘काय रे’ म्हणाल का?

‘ड्यूड’साठी ‘मालाका’ हा शब्द तुमच्या कानावर पडलाच असेल. मूळ अर्थ अश्लील आहे. जिवलग मित्रांत दर वाक्यात येतो, अनोळखी माणसाला रस्त्यात म्हटलात तर भांडण होईल. ते तुम्हाला म्हणू लागेपर्यंत तुम्ही म्हणू नका. एवढा एक नियम पाळला तरी पुरे.

‘नो वे’ची गंमत अशी की इंग्रजीत तो एक शब्द, पण कामं दोन. विश्वास बसत नसेल (‘काय सांगतोस!’) तर ‘एला रे!’. साफ नकार द्यायचा असेल तर ‘आपोक्लीएते’, पोरांच्या भाषेत ‘देन पेझी’. दोन्हींत गल्लत केलीत तर मित्र आनंदाची बातमी सांगेल आणि तुम्ही ‘अजिबात होणार नाही’ असं उत्तर द्याल.

‘चिल’चंही तसंच. चिडलेल्याला ‘हालारोसे’ म्हणजे सैल सोड. निवांत पडून राहण्याला ‘आराझो’, हा मूळचा जहाज नांगरण्याचा शब्द. ‘आराझुमे स्पीती’ म्हणजे घरीच लोळत पडलोय.

‘माय बॅड’ला ‘लाथोस मू’ (माझी चूक). ‘आय गॉट धिस’ला ‘तो हो’. पैसे नसतील तर ‘देन एहो फ्रांगो’, शब्दशः ‘एक फ्रँक नाही’. 2002 मध्ये युरोच्या नोटा आल्या तरी बोलण्यातला फ्रँक गेलेला नाही.

तिखटपणा किती, हेही तोलावं लागतं. ‘आय डोन्ट केअर’ला ‘दे मे न्याझी’ साधं, ‘स्कासीला मू’ खोडकर, ‘हेस्तिका’ सरळ घाण. शब्द कोणत्या पायरीचा आहे ते पाहायला थेसालोनिकीच्या विद्यापीठातून 1998 मध्ये निघालेला त्रियांदाफिलीदिस कोश नेटवर फुकट आहे. शब्दापुढे कंसात ‘ओइक’ची ग्रीक अक्षरं असतील तर घरगुती, ‘हिद’ची असतील तर अश्लील.

नवे इंग्रजी शब्द मात्र ते आपल्यासारखेच पचवतात. आपण ‘करणे’ जोडतो, ते इटालियन वळणाचं ‘-आरो’: चेकचं त्सेकारो, पार्कचं पार्कारो, चॅटचं त्सातारो. (ग्रीकमध्ये ‘च’ नाही, म्हणून ‘त्स’.) पण अशी क्रियापदं स्वतः बनवू नका. शब्द ग्रीक अक्षरांत, अवतरणचिन्हांत घालून शोधा. ग्रीक लोकांच्या गप्पांत दिसला तरच वापरा.

शेवटचं, टायपिंगचं. 1982 पासून ग्रीकमध्ये आघाताची एकच खूण उरली आहे, पण ती गाळू नका. ‘पोते’ पहिल्या स्वरावर जोर देऊन ‘केव्हा’, शेवटच्या स्वरावर ‘कधीच नाही’. ‘भेटूया?’ असं विचारल्यावर खूण न लावता नुसतं ‘पोते’ पाठवलंत, तर पुढचा मेसेज येईलच असं नाही. प्रश्नचिन्हही त्यांचं वेगळं, आपल्या अर्धविरामासारखं दिसणारं, तेही लावा.