सेक्रेटरी व्हायला कुणी तयार नसलेल्या जुन्या सोसायटीची देखभाल कुठून सुरू करावी?

तुम्ही लिहिलंय की इमारत ३२ वर्षांची आहे, २४ फ्लॅट आहेत, गच्ची गळते, जिन्यात प्लास्टर पडतं, पाच जण वर्ष-दोन वर्षं मेंटेनन्स देत नाहीत. जुन्या सेक्रेटरींनी राजीनामा दिलाय आणि आता सगळे तुमच्याकडे बघताहेत. हे काम अंगावर घ्यावं का, आणि घेतलं तर सुरुवात कुठून करावी, असं तुम्ही विचारलंय.

घ्या. मी डोंबिवली पूर्वेला २८ फ्लॅटच्या, लिफ्ट नसलेल्या चार मजली इमारतीत राहते. इमारत १९९०ची. २०१७ साली मी खजिनदार झाले, दोन वर्षांनी सेक्रेटरी. नोकरी सांभाळून हे सगळं रविवारी सकाळी आणि रात्री जेवणं झाल्यावर केलं आहे. त्यामुळे वेळ नाही ही अडचण मला कळते. पण कुणीच पुढे आलं नाही आणि समितीच उरली नाही, तर सहकारी संस्थांचं निबंधक कार्यालय प्रशासक नेमू शकतं. त्याचा खर्चही शेवटी तुमच्याच निधीतून जातो आणि गच्ची मात्र तशीच गळत राहते.

सुरुवात थकबाकीपासून करू नका, गच्चीपासून करा. असं का म्हणते ते सांगते.

आमच्याकडे चौथ्या मजल्यावरच्या एका काकूंची १९ महिन्यांची थकबाकी होती. सभेत त्यांचं नाव निघालं की सगळे मान हलवायचे. मी नवीन खजिनदार, मोठ्या उत्साहानं जुलैमध्ये पावतीपुस्तक घेऊन वर गेले. काकूंनी चहा ठेवला आणि मला आतल्या खोलीत नेलं. पलंग भिंतीपासून ओढून खोलीच्या मधोमध आणलेला, कपाटावर निळं प्लास्टिक बांधलेलं, खाली एक बादली आणि दोन पातेली. छताचं प्लास्टर गेलेलं आणि सळया उघड्या. काकू म्हणाल्या, "सहा पावसाळे झाले. कमिटी म्हणते तुमच्या घरातलं गळतंय, तुम्ही बघा."

त्या रात्री मी उपविधींची, म्हणजे सोसायटीच्या नियमांची, पुस्तिका पहिल्यांदा नीट वाचली. तुम्हीही हेच आधी करा. महाराष्ट्राच्या सहकार खात्यानं नमुना म्हणून दिलेल्या २०१४च्या आदर्श उपविधींमध्ये संस्थेनं स्वतःच्या खर्चानं करायच्या दुरुस्त्यांची यादी आहे. गच्ची आणि पॅरापेट (गच्चीचा कठडा), बाहेरच्या भिंती, जिने, पाण्याच्या टाक्या, पंप, मलनिस्सारणाच्या वाहिन्या, कंपाउंड वॉल, पावसाच्या पाण्यानं होणारी सगळी गळती. एवढंच नाही, गच्चीतून पाणी आल्यामुळे वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटचं छत आणि प्लास्टर खराब झालं असेल तर तेही संस्थेनंच करून द्यायचं. वरच्याच्या मोरीतून किंवा संडासातून खालच्याकडे पाणी उतरत असेल, तर मात्र तो संबंधित सभासदांचा खर्च. म्हणजे काकूंना सहा वर्षं जे उत्तर मिळालं ते साफ चुकीचं होतं.

काकूंनी मेंटेनन्स अडवणं हेही चूकच होतं, हे मी त्यांना तेव्हाच सांगितलं. तक्रार कितीही खरी असो, वर्गणी भरावीच लागते. पण सोसायटी आपल्याकडून घेते आणि आपल्याला काहीच देत नाही असं ज्याला सहा वर्षं वाटतंय, त्याच्याकडून नोटिशीनं पैसे निघत नाहीत. तुमचे पाच जण कोणत्या मजल्यावर राहतात ते आधी बघा. माझा अंदाज आहे, त्यातले निदान एक-दोन वरच्या मजल्यावरचे असतील.

आता गच्चीचं काम. इथे मी जरा सविस्तर लिहिते, कारण पैसा सगळ्यात जास्त इथेच वाया जातो. आमच्याकडे दर मे महिन्यात कुणीतरी केमिकलचा पांढरा थर मारून जायचा आणि गणपतीपर्यंत तो पापुद्र्यासारखा सुटायचा. पाणी मुळात कुठून शिरतंय हे कुणी बघितलंच नव्हतं. आम्ही एका इंजिनिअरना घेऊन पाऊस चालू असतानाच वर गेलो, तेव्हा चार गोष्टी दिसल्या. उतार बिघडल्यामुळे एका कोपऱ्यात पाणी तुंबत होतं. पॅरापेट आणि स्लॅबच्या सांध्यातली वाट, म्हणजे कोपऱ्यात दिलेली सिमेंटची गोलाई, फुटलेली होती. पॅरापेटमध्ये पिंपळ रुजला होता. दरवर्षी तो वरून कापत होते आणि मुळं आत वाढत होती. आणि चौथी गोष्ट, डिश अँटेना बसवणाऱ्यांनी थेट स्लॅबमध्ये भोकं पाडून बोल्ट ठोकले होते, एकूण अकरा ठिकाणी. वॉटरप्रूफिंग कितीही चांगलं करा, त्यात अकरा भोकं असतील तर ते टिकणार कसं?

मग तीन कोटेशनं मागवली. सगळ्यात कमी कोटेशन हे सगळ्यात जास्त कोटेशनच्या निम्म्याहूनही कमी. सभेत लगेच "कमीवाला घ्या" सुरू झालं. नीट वाचलं तर तिघांनी तीन वेगळीच कामं लिहिली होती: एकानं नुसतं कोटिंग, दुसऱ्यानं जुन्या कोब्यावरच (स्लॅबवरच्या वॉटरप्रूफिंगच्या जाड थरावरच) नवा कोबा, तिसऱ्यानं जुना कोबा काढून स्लॅबपासून सगळं. जुन्यावर नवा थर चढवला की स्लॅबवर वजन वाढतं, आणि जुन्या इमारतीत ते अंगावर येऊ शकतं. म्हणून इंजिनिअरकडून कामाचा तपशील आम्हीच लिहून घेतला: जुना कोबा काढणं, भेगा भरणं, उतार देऊन ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांचा) कोबा, चारही बाजूंना वाट, पाइपांभोवतीचे सांधे. त्याच कागदावर पुन्हा दर मागवले, तेव्हा आकडे एकमेकांच्या जवळ आले. काम झाल्यावर गच्चीत तीन दिवस पाणी भरून ठेवलं आणि खाली प्रत्येक खोलीचं छत बघितलं. दहा टक्के रक्कम करारातच पुढचा पावसाळा संपेपर्यंत राखून ठेवली होती. तुम्ही बाकी काही विसरलात तरी हे दहा टक्के विसरू नका.

एक गोष्ट आमच्याकडे उलटी झाली: आधी गच्ची केली आणि नंतर स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इंजिनिअरकडून इमारतीच्या मजबुतीची तपासणी. तुम्ही ऑडिट आधी करा. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी ऑडिट करायचं असतं, म्हणजे तुमच्यासाठी तो आता दर तीन वर्षांचा नियम आहे. जिन्यातलं प्लास्टर पडतंय असं तुम्ही लिहिलंय, त्याकडे रंगकामाचा प्रश्न म्हणून बघू नका. काँक्रीटमध्ये पाणी आणि हवा पोचली की सळई गंजते, गंजली की फुगते, आणि फुगताना बाहेरचं काँक्रीट ढकलून पाडते. त्यावर नुसतं सिमेंट थापून रंग मारला तर आतला गंज वाढत राहतो, फक्त आपल्याला दिसत नाही. लहान मुलं रोज त्याच जिन्यातून वर-खाली करतात.

पैशाचं गणित सभेत आकड्यांनी मांडा. उपविधींप्रमाणे सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा निधी) वर्षाला फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के आणि दुरुस्ती निधी ०.७५ टक्के. बांधकाम खर्च म्हणजे इमारत बांधली तेव्हाचा, जमिनीची किंमत वगळून. आमच्याकडे तो फ्लॅटमागे १ लाख ६० हजार धरलेला होता. म्हणजे वर्षाला ४०० आणि १,२०० रुपये. २८ फ्लॅटचे मिळून ४४,८०० रुपये. हा आकडा मी फळ्यावर लिहिला आणि शेजारी गच्चीचा खर्च लिहिला, पाच लाखांच्या घरात. सभागृह म्हणजे आमचा खांबांवरच्या इमारतीखालचा (स्टिल्टचा) पार्किंगचा भाग. तिथे थोडा वेळ कुणी काही बोललंच नाही. आपण महिना भरतो ते झाडलोट, पंपाचं बिल आणि वॉचमन यांच्यातच संपतं, इमारतीसाठी जवळजवळ काहीच साठत नाही, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. शेवटी प्रत्येकी १८ हजार, सहा हप्त्यांत, असा ठराव झाला. फ्लॅट जवळपास एकाच आकाराचे असल्यानं समान वाटणीवर वाद झाला नाही. नंतरच्या सभेत दुरुस्ती निधीही वाढवून घेतला, कारण टक्केवारी ही किमान आहे, सभा ती वाढवू शकते.

सभेच्या मंजुरीशिवाय मोठा खर्च करू नका. २५ सभासदांपर्यंतच्या संस्थेत समितीला स्वतःच्या अधिकारात एका वेळी दुरुस्तीवर २५ हजारांपर्यंतच खर्च करता येतो. तुम्ही २४ जण, म्हणजे तुमची मर्यादा तीच. सभेची गणपूर्ती, म्हणजे किमान हजेरी, दोन-तृतीयांश सभासद किंवा २० यांपैकी जी कमी असेल ती, म्हणून तुमच्याकडे १६. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते.

हिशेब मात्र वर्षातून एकदा सभेत वाचून भागत नाही. आम्ही दर महिन्याच्या पाच तारखेला एक पान जिन्याखालच्या फलकावर लावतो: जमा किती, खर्च कशावर, बँकेत शिल्लक किती. बिलांची फाइल कुणीही मागितली तरी दाखवते. सुरुवातीला तळमजल्यावरचे एक भाऊ रोज उभे राहून ते पान वाचायचे आणि चुका शोधायचे. दोनदा खरंच सापडल्या. आज तेच आमचे खजिनदार आहेत.

काकूंकडचं छत आम्ही संस्थेच्या पैशातून करून दिलं. पुढच्या पावसाळ्यात, ऑगस्टमध्ये, त्या स्वतःहून थकबाकीचा पूर्ण चेक घेऊन खाली आल्या. सहा थकबाकीदारांपैकी चौघांनी गच्ची झाल्यावर वर्षभरात पैसे भरले. पाचव्या घरी नोकरी गेली होती आणि शाळेची फी तुंबली होती. त्यांना समितीनं बोलावून नाही, मी आणि अध्यक्षांच्या घरच्या वहिनींनी त्यांच्या घरी जाऊन दरमहा हजाराचे हप्ते बांधून दिले. सहाव्याचा फ्लॅट भाड्यानं दिलेला, मालक परगावी, भाडं नियमित घेणार आणि फोन उचलणार नाही. तिथे कायदाच वापरला. रीतसर मागणीच्या नोटिसा, समितीचा ठराव, थकबाकीचा तक्ता आणि निबंधकांकडे वसुली दाखल्यासाठी अर्ज. पूर्वी हे महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याचं कलम १०१ होतं, २०१९च्या दुरुस्तीनंतर गृहनिर्माण संस्थांसाठी ते १५४ ब-२९ आहे. दाखला मिळाला की वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी होते. वेळ लागतो, पण प्रकरण दाखल झाल्याचं कळल्यावर त्या मालकांचा फोन पहिल्यांदा आला. थकबाकीवर सरळव्याजानं आकारणी करता येते, २०१४च्या उपविधीत तिची कमाल मर्यादा वर्षाला २१ टक्के आहे. भाड्यानं दिलेल्या फ्लॅटला, मालक स्वतः राहत नाही म्हणून, बिनभोगवटा शुल्क (नॉन-ऑक्युपन्सी चार्ज) लावायचं असेल तर ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. काही लोक तुम्हाला सल्ला देतील, "त्यांचं पाणी तोडा." ते कधीही करू नका. ते बेकायदा आहे, आणि त्या घरात म्हातारी माणसं आणि बाळंतिणी असू शकतात.

एकट्यानं सगळं अंगावर घेऊ नका. तुमच्या जुन्या सेक्रेटरींचं नेमकं हेच झालं असावं. "समितीत या" म्हटलं की लोक पळतात. पण "पावसाळ्यापूर्वी गच्चीची जाळी साफ झाली का एवढं तुम्ही बघाल का?" असं विचारलं की हो म्हणतात. आमच्याकडे पंप आणि टाक्या धुणं एका निवृत्त फिटर काकांकडे आहे, फलकावरचं पान कॉलेजात जाणारी एक मुलगी टाइप करते, चेंबर तुंबलं की कुणाला बोलवायचं हे तळमजल्यावरच्या ताई बघतात. २५०पर्यंत सभासद असलेल्या गृहनिर्माण संस्थांना आता आपली निवडणूक आपणच घेता येते, तेव्हा नवी समिती बसवणं पूर्वीइतकं अवघड नाही.

मुंबईत गावदेवीला १९१५ साली सारस्वत मंडळींनी सहकारी गृहनिर्माण संस्था काढली, तेव्हा ती माणसं आधी एकत्र आली होती आणि घरं मागून झाली. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी उलटं होतं. बिल्डर घरं विकतो, आणि एकमेकांना न ओळखणारी २४ कुटुंबं सोसायटी नोंदवल्यावर एकाच गच्चीची मालक होतात. ती गच्ची आपली आहे हे कुणाला वाटतच नाही, कारण कुणी वर गेलेलंच नसतं. म्हणून पहिली सभा शक्य असेल तर गच्चीवरच घ्या. मार्चमध्ये, संध्याकाळी. म्हाताऱ्यांना जिना चढवत नसेल तर भेगांचे आणि वरच्या मजल्यावरच्या छतांचे फोटो मोठे छापून खाली लावा.

पार्किंगबद्दलही तुम्ही शेवटी विचारलंय. आमच्याकडे ९ जागा आणि १७ गाड्या आहेत. दोन वर्षं आळीपाळीनं देऊन बघितलं, सध्या चिठ्ठ्या टाकतो, आणि दर एप्रिलला त्यावर भांडण होतं. ते आम्हाला अजून सुटलेलं नाही. तुमच्याकडे कुणी सोडवलं तर मला नक्की कळवा.