बारूददाणीचं पोट नको, तोंड बघ

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण तुझे तीन फोटो. तिन्ही बारूददाण्यांवर नक्षी झकास आहे, पण तू फक्त पोटं टिपलीस. तोंडाचा एकही फोटो नाही. घ्यायची की नाही, हे मला तोंडावरून ठरवायचं असतं.

बारूददाणी म्हणजे बंदुकीची दारू ठेवायचा नुसता डबा नव्हे, ते माप आहे. ठासणीच्या, म्हणजे तोंडातून दारू-गोळी भरायच्या बंदुकीत दारू कमी पडली तर गोळी लांब जात नाही, जास्त झाली तर नळी फाटायची भीती. म्हणून 19व्या शतकात इंग्लंडात शेफील्डला बनलेल्या तांब्यापितळेच्या दाण्यांना तोंडाशी एक नळकांडं आणि स्प्रिंगची पट्टी असते. नळकांड्यावर बोट दाबून दाणी उलटी करायची, अंगठ्याने पट्टी उघडायची आणि सोडायची. मधे अडकली तेवढीच दारू बंदुकीच्या नळीत जाते, बाकीची आत बंद राहते. नळकांडं लांब-आखूड करता येतं आणि त्यावर ड्रॅमचे आकडे कोरलेले असतात; एक ड्रॅम म्हणजे सुमारे 1.77 ग्रॅम.

आता झीज कुठे असायला हवी ते बघ. पट्टीवर अंगठा बसतो तिथे, कडीत दोरी घासते तिथे, आणि पोटाची जी बाजू अंगाला लागते तिथे. सगळीकडे सारखाच काळपटपणा असेल तर तो बहुधा रसायनाचा. पट्टी हलतच नसेल किंवा नळकांडं नुसतं चिकटवलेलं असेल, तर ती वस्तू दिवाणखान्यासाठीच ओतलेली आहे. तशा पितळी दाण्या बाजारात ढिगाने येतात. हातात घेतलीस की वजनावरूनच शंका येईल. अस्सल दाणी पातळ पत्र्याची, दोन अर्ध्या भागांवर ठसा उठवून कडेने जोडलेली. नकलेची नक्षी बोथट, आणि आत बोट घातलं तर वाळूच्या साच्याचा खरखरीतपणा. पटत नसेल तर पुण्यात कसब्यात तांबट आळीत जा. ओतीव आणि पत्र्याचं काम ती माणसं वाजवून सांगतात.

पण तिथे डाग द्यायला काही नेण्याआधी दाणी रिकामी आहे ना, ते बघ. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटते. आत काही खुळखुळलं तर ज्योत नको, सोल्डरिंग नको, खिळ्याने खरवडणं तर नकोच. आधी जाणकाराला दाखव.

आपल्याकडच्या दाण्या मला जास्त आवडतात, हे कबूल. लाकडाच्या, चामड्याच्या, शिंगाच्या, शंखासारख्या वळलेल्या. त्यांतल्या अगदी लहान दाण्या रंजकीच्या, म्हणजे बंदुकीच्या कानाशी, आतली दारू पेटवायच्या भोकाशी, टाकायच्या बारीक दारूच्या. ठोका बसताच पेटणाऱ्या टोपीची बंदूक आली आणि रंजकीची गरज संपली. पुढे काडतूस आलं, मग मोठी दाणीही गेली. हा क्रम डोक्यात असला की विकणाऱ्याच्या ‘शिवकालीन, साहेब’ला हसून पुढे जाता येतं.

हस्तिदंती आणि सांबरशिंगाच्या दाण्यांना मात्र हात लावू नकोस, कितीही स्वस्त मिळो. वन्यजीव कायद्यात त्यांची खरेदी-विक्री बसत नाही. त्या संग्रहालयात बघायच्या. 1972च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुनी दाणी खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, हे तुझ्या अमेरिकेतल्या मावसभावाला आत्ताच सांगून टाक. दाणीला शस्त्रपरवाना लागत नाही, पण बंदुकीचा सुटा चाप किंवा नळी कोणी ‘सोबत घ्या’ म्हणून गळ्यात मारली तर घेऊ नकोस. शस्त्र कायद्यात बंदुकीचे भागही बंदुकीतच मोडतात.

घरी आणल्यावर पितांबरी नको, चिंच नको. ती लखलख कळशीला शोभते. इथे तिने कारखान्याचं नावही पुसट होतं आणि किंमतही उतरते. कोरड्या मऊ फडक्याने पूस, बस्स.

फोटोतल्या मधल्या दाणीची कड पत्र्याची वाटते. पट्टी उघडी आणि मिटलेली, असे दोन फोटो जवळून काढून पाठव, शिवाय तळ आणि कड्याही. तोवर बयाणा देऊ नकोस. भावाची घासाघीस रविवारी जुन्या बाजारात मी करीन, तू फक्त भिंग घेऊन लवकर ये.